हायस्कूल फुटबॉल: 'फॉरवर्ड प्रोग्रेस' थांबली हे नक्की कधी ठरतं?

वैजू_केरी | शनिवार, सकाळी ८:५०

नमस्कार मंडळी. इथल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलबद्दलचा धागा आहे. इथे बऱ्याच जणांची मुलं खेळतात म्हणून विचारते.

माझा मुलगा अकरावीत आहे, शाळेच्या व्हर्सिटी, म्हणजे मुख्य संघात रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा) खेळतो. काल रात्री चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही तीन गुणांनी मागे होतो. चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, दहापैकी दोन यार्ड अजून हवे होते, बॉल समोरच्यांच्या ३३ यार्डांवर. बॉल त्याच्याकडे दिला. त्याने मुसंडी मारली आणि तो ३० च्या आसपास पोचला, म्हणजे फर्स्ट डाऊन (नव्याने चार प्रयत्न) झाला होता. तिथे एकाने कमरेला मिठी मारली, दुसऱ्याने पाय धरायचा प्रयत्न केला. मग तो मागे मागे आला, तीन-चार यार्ड तरी. पडला नव्हता, उभाच होता. तेवढ्यात तिसऱ्याने येऊन हातातून बॉल उडवला, चौथ्याने उचलला आणि थेट टचडाऊन! शिट्टी शेवटपर्यंत वाजली नाही.

आमच्या बाजूचे सगळे पालक 'फॉरवर्ड प्रोग्रेस, फॉरवर्ड प्रोग्रेस' म्हणून ओरडत होते. कोचही बोलायला गेले. पंचांनी फंबल, म्हणजे चालू खेळात हातून बॉल सुटला हा निर्णय, कायम ठेवला. सामना हरलो. मुलगा रात्री न जेवता झोपला आणि अजून खोलीबाहेर आलेला नाही.

मला भांडायचं नाहीये. फक्त समजून घ्यायचंय. मुलाला मागे ढकलत नेलं तर बॉल तिथेच डेड व्हायला हवा ना, म्हणजे खेळ तिथेच संपायला हवा ना? की शिट्टी वाजेपर्यंत सगळं चालू?

अण्णा_डेट्रॉइट | शनिवार, ९:०५

सरळसरळ चूक. तीन-चार यार्ड मागे नेला म्हणजे प्रोग्रेस केव्हाच संपली. शिट्टी वाजायलाच हवी होती. तीस वर्षं हा खेळ बघतोय. पोराला सांगा, त्याने त्याचं काम केलं होतं.

सोनचाफा | शनिवार, ९:२०

वैजूताई, वाचून पोटात कालवलं. आमचा यंदाच नववीत लागलाय संघात. मला यातलं अजून ओ की ठो कळत नाही. फॉरवर्ड प्रोग्रेस म्हणजे काय ते कुणी मराठीत नीट सांगेल का? बाकीचे ओरडले की मीही ओरडते.

पट्टेवाला_ओहायो | शनिवार, १०:१०

मी हायस्कूलच्या सामन्यांत पंच म्हणून उभा राहतो. हा नववा सीझन, बहुतेक वेळा साइडलाइनवर. नियम सांगतो. कालच्या निर्णयावर लगेच बोलणार नाही, कारण पाहिलेला नाही.

बॉल घेऊन पळणाऱ्या मुलाला समोरच्यांनी अडवल्यावर बॉल जास्तीत जास्त जिथवर पुढे पोचला होता ती जागा म्हणजे फॉरवर्ड प्रोग्रेस. पुढचा डाऊन तिथून. मुलाचे पाय किंवा गुडघे कुठे होते हे बघत नाहीत, बॉलचं पुढचं टोक कुठवर गेलं ते बघतात. त्यानंतर चार जणांनी उचलून पाच यार्ड मागे नेऊन आपटला तरी ते पाच यार्ड त्याच्या खात्यातून जात नाहीत. नियम याच न्यायासाठी आहे. तो नसता तर टॅकल करणारे पोराला धरून स्वतःच्या सोयीच्या जागेपर्यंत ओढत नेत राहिले असते.

आता वैजूताईंचा प्रश्न. बॉल डेड कधी होतो? हायस्कूलचे नियम एनएफएचएस ही राष्ट्रीय संस्था ठरवते. पळणारा मैदानाबाहेर गेला की डेड. हात आणि पाऊल सोडून शरीराचा कुठलाही भाग जमिनीला लागला की डेड. हेल्मेट पूर्ण निघालं की डेड. आणि त्याला असं धरलंय की पुढे जाणं थांबलं, तरी डेड. या शेवटच्या वाक्यात दोन अटी आहेत: धरलेला असला पाहिजे आणि थांबलेला असला पाहिजे. नुसतं धरलंय पण पाय चालू आहेत, इंच इंच पुढे सरकतोय, तर बॉल जिवंत. नुसता मागे आलाय पण कुणाच्या पकडीत नाही, तरीही जिवंत.

म्हणून वैजूताई, तुम्हालाच दोन प्रश्न. तो मागे आला तेव्हा कमरेची मिठी घट्ट होती का? आणि मागे आला तो कुणाच्या जोरावर, त्यांच्या की स्वतःच्या?

वैजू_केरी | शनिवार, १०:२५

खरं सांगायचं तर माहीत नाही. आम्ही पंचवीस-तीस पायऱ्या वर बसलो होतो. मला तो मागे येताना दिसला, एवढंच. सामन्याचं चित्रण कोच रविवारी मुलांना पाठवतात. ते बघून सांगते.

कबड्डीवीर_सांगली | शनिवार, ११:००

हा खेळ मी टीव्हीवर दोनदाच पाहिलाय, पण पंचसाहेबांचं वाचून कबड्डी आठवली. चढाई करणाऱ्याला पाच जणांनी धरला तरी झटापटीत त्याचं बोट मध्यरेषेला लागलं की तो सुटला, आणि धरणारेच बाद. त्याला कितीही मागे ओढलेला असो, श्वास आहे तोवर खेळ चालू. तुमच्याकडे 'थांबला' म्हणून मध्येच खेळ संपवतात हे मला जरा चमत्कारिक वाटतं. पोरगा लढतोय ना अजून? मग लढू द्या की.

नेपरविलचा_रोहन | शनिवार, ११:२०

@कबड्डीवीर, मला क्रिकेटमधला नियम जास्त जवळचा वाटतो. फलंदाज धावत किंवा झेप घेत आला, बॅट क्रीजच्या आत टेकली आणि मग आपटून हवेत उडाली, नेमक्या त्या क्षणी बेल्स उडाल्या. पूर्वी हा बाद द्यायचे. ऑक्टोबर २०१७ पासून एमसीसीने नियम बदलला. एकदा तू आत पोचलास ना, मग नंतर बॅट उडाली तरी तू आतच. फॉरवर्ड प्रोग्रेस म्हणजे जवळपास तेच. पोचला ते पोचला.

कबड्डीवीर_सांगली | शनिवार, ११:२८

हे पटलं. एका वाक्यात समजलं.

अण्णा_डेट्रॉइट | शनिवार, ११:४५

पट्टेवाला, नियम तुम्ही उत्तम सांगितलात. पण माझा मुद्दा शिट्टीचा आहे. पोरांना पहिल्या दिवसापासून शिकवतात की शिट्टी वाजेपर्यंत खेळत राहा. मग शिट्टीच उशिरा आली तर तो पोरगा काय करणार? स्वतःच 'मी थांबलो' म्हणून बॉल ठेवणार का खाली?

पट्टेवाला_ओहायो | शनिवार, दुपारी १२:३०

अण्णा, हाच प्रश्न मला दर शुक्रवारी कुणीतरी विचारतं. शिट्टीने बॉल डेड होत नाही. नियमाने तो आधीच डेड झालेला असतो, शिट्टी फक्त ते जाहीर करते. 'हा थांबला' हे डोळ्यांनी पटायला अर्धा-पाऊण सेकंद लागतो, त्यानंतर शिट्टी. म्हणजे शिट्टीच्या आधीच प्रोग्रेस थांबली होती अशी पंचाची खात्री असेल, तर मधल्या काळात उडवलेला बॉल फंबल नाही. शिट्टी त्यानंतर वाजली म्हणून तो फंबल होत नाही.

उलट लवकर शिट्टी वाजवणं जास्त वाईट. पोरगा गर्दीत दिसेनासा झाला, पंचाला वाटलं संपलं, शिट्टी वाजवली, आणि पोरगा पलीकडून बॉल घेऊन मोकळा पळतोय! अशा वेळी खेळ तिथेच थांबतो. बॉल ज्यांच्याकडे होता त्या संघाला निवड मिळते, शिट्टी वाजली तिथली जागा घ्या नाहीतर डाऊन पुन्हा खेळा. टचडाऊन मात्र गेला. माझ्याकडून दुसऱ्या सीझनमध्ये हे झालंय. त्या मुलाचा चेहरा मला अजून दिसतो. तेव्हापासून बॉल डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी शिट्टी ओठांत घट्ट धरत नाही.

आणि पुढची जागा ठरवतो कोण, तर आम्ही साइडलाइनवरचे दोघं. मुख्य रेफरी क्वार्टरबॅकच्या (बॉल देणाऱ्या-फेकणाऱ्या मुलाच्या) मागे असतो, त्याला बॉल किती पुढे गेला ते त्या कोनातून कळत नाही. आम्ही बाजूने बघतो, जागा हेरतो, तिथून काटकोनात आत धावत येतो आणि पुढचं पाऊल त्या जागेवर रोवतो. तिरके आत आलो की दोन फूट इकडे तिकडे होतात, म्हणून काटकोन. पलीकडचा साथीदार माझ्या पावलाकडे बघून स्वतःचं पाऊल जुळवतो. पुढच्या वेळी स्कोअर सोडून फक्त त्या दोघांचे पाय बघा. सगळा सामना तिथे वाचता येतो.

झकास_फ्रिस्को | शनिवार, १:१५

टेक्सासहून राम राम! आमच्याकडे गंमत वेगळी आहे. इथे सरकारी शाळांचे सामने कॉलेजच्या, म्हणजे एनसीएएच्या नियमांनी खेळतात. प्रोग्रेसचा मूळ नियम तसाच, पण एक मोठा फरक. आपल्या माणसाला मागून ढकलायला इथे परवानगी आहे. माझा मोठा लाइनमन आहे, एकशे वीस किलो. रनिंग बॅक अडकला की हा आणि याचे दोन मित्र मागून असा रेटा देतात की अख्खा ढीग चार यार्ड पुढे. स्टेडियम डोक्यावर घेतात लोक!

वैजू_केरी | शनिवार, १:३०

अहो, मग आमच्याकडे हे चालत नाही का?

पट्टेवाला_ओहायो | शनिवार, १:५०

नाही, वैजूताई. एनएफएचएसच्या पुस्तकात पळणाऱ्याला पुढे नेण्यासाठी स्वतःच्या संघाने ढकलणं, ओढणं, उचलणं यावर बंदी आहे, पाच यार्डांचा दंड. कॉलेजमध्ये ढकलण्याला २०१३ पासून मोकळीक आहे, व्यावसायिक खेळात त्याच्याही आधीपासून. ओढणं तिथेही नाही. टीव्हीवर रविवारी बघतात आणि शुक्रवारी आमच्या नावाने ओरडतात, त्यातला बराच गोंधळ इथून येतो.

दुसरा गोंधळ गुडघ्याचा. व्यावसायिक खेळात पळणारा स्वतः घसरून पडला आणि कुणी हात लावला नाही, तर तो उठून पुन्हा पळू शकतो. हायस्कूलमध्ये गुडघा टेकला की खेळ संपला, कुणी शिवो न शिवो. दर सामन्याला कुणीतरी बाबा ओरडतातच, 'त्याला हात तरी लावला का कुणी!'

झकास_फ्रिस्को | शनिवार, २:०५

व्यावसायिक लीगमध्ये, एनएफएलमध्ये, फिलाडेल्फियाचा संघ क्वार्टरबॅकला मागून ढकलतो, त्या ढकलाढकलीवर किती रान पेटलं होतं! मे २०२५ मध्ये बंदीसाठी संघमालकांचं मतदान झालं, बाजूने २२, विरोधात १०. बंदीला २४ मतं लागत होती, म्हणजे ढकलाढकली दोन मतांनी वाचली. माझ्या मुलाने त्या दिवशी मित्रांना घरी बोलावून पिझ्झा पार्टी केली.

डॉ_निमा | शनिवार, ३:३०

मी न्यू जर्सीत आहे, डॉक्टर म्हणून दोन शाळांच्या सामन्यांना साइडलाइनवर बसते. या नियमाची मला वाटणारी सगळ्यात महत्त्वाची बाजू अजून कुणी मांडली नाही, म्हणून लिहिते.

उभ्याउभ्या धरलेला मुलगा फार असुरक्षित असतो. दोन्ही हात बॉलभोवती, पाय कुणीतरी धरलेले, अंग पिरगळलेलं. स्वतःला सावरण्यासाठी त्याच्याकडे काहीच उरत नाही. त्या स्थितीत पाच यार्ड लांबून धावत येऊन कुणी आदळला, तर मान आणि गुडघा या दोन जागा मी आधी तपासते. पळणारा जमिनीवर पडेपर्यंत खेळ चालू ठेवला असता तर प्रत्येकाला आडवा पाडावाच लागला असता. 'थांबला, संपलं' एवढं म्हणण्याने किती दुखापती टळत असतील ते मी दर आठवड्याला बघते.

या खेळाने हे धडे फार किंमत देऊन शिकलेत. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सगळा संघ पाचरीसारखा एकमेकांना धरून समोरच्यावर आदळायचा. १८९२ मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध ती पाचर वापरली आणि दोन वर्षांत त्यावर बंदी आली. तरी घोळक्याने घुसणं चालूच राहिलं. १९०५ मध्ये मृत्यू इतके वाढले की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी मोठ्या कॉलेजांच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. पुढच्या वर्षी पुढे फेकायचा पास कायदेशीर झाला आणि फर्स्ट डाऊनसाठी पाचाऐवजी दहा यार्ड लागू लागले, म्हणजे खेळ घोळक्यातून मोकळ्या जागेत यावा. म्हणून कबड्डीवीरदादा, 'लढू द्या की' या तुमच्या वाक्यातली भावना मला समजते, पण मी त्या पोरांची आई असते तर शिट्टी लवकर वाजावी असंच म्हणाले असते.

कबड्डीवीर_सांगली | शनिवार, ३:४५

डॉक्टर, शब्द मागे घेतो. पाचर वाचून अंगावर काटा आला.

सोनचाफा | शनिवार, ४:००

मला एक विचारायचंय. आमचा मुलगा रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा आहे. परवा त्याने उडी मारून हवेतच बॉल घेतला, मागून एक उंच मुलगा आदळला आणि तो खाली आला तोवर तीन यार्ड मागे होता. पंचांनी पुढची जागा दिली. पण दुसऱ्या वेळी त्याने बॉल घेतला, कुणी जवळ नव्हतं, चुकवायला म्हणून तो वळून मागे पळाला आणि तिथे पकडला गेला. तेव्हा मागची जागा दिली. असं का?

नेपरविलचा_रोहन | शनिवार, ४:२०

पंचकाकांचा जेवणाचा वेळ असेल म्हणून मी सांगतो. पहिल्या वेळी त्याला दुसऱ्याने मागे आणलं, म्हणून हवेत असताना बॉल जिथे हातात आला ती पुढची जागा त्याची. दुसऱ्या वेळी तो स्वतःच्या मर्जीने मागे गेला, तो तोटा त्याचा.

आता माझी गोष्ट. धाकट्या भावाच्या सामन्यात शेवटची चाळीस सेकंदं, आम्ही मागे, टाइमआउट संपलेले. त्याने साइडलाइनजवळ पास घेतला, दोघांनी धरून त्याला मागे ढकलत मैदानाबाहेर फेकला. आम्ही सगळे खूश, चला घड्याळ थांबलं! तर पंच हात गोल फिरवतोय, घड्याळ चालू! प्रोग्रेस मैदानाच्या आतच थांबली होती, नंतर बाहेर गेला त्याला काही अर्थ नाही. वडील इतके चिडले की नंतर दोन दिवस नियमपुस्तक वाचत बसले. आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, पंच बरोबर होता.

पट्टेवाला_ओहायो | शनिवार, ५:१०

रोहन, दोन्ही उत्तरं अगदी बरोबर. त्या कॅचवर फर्स्ट डाऊन झाला असता, तर मात्र दहा यार्ड मोजायची साखळी पुढे हलेपर्यंत घड्याळ थांबलं असतं. हायस्कूलमध्ये ती सवलत आहे. मग मुख्य रेफरीने इशारा केला की पुन्हा चालू.

गोल लाइनजवळ मामला अजून नाजूक. स्वतःच्या एक यार्डावर मुलाला पकडलं आणि रेटत त्याच्याच एंड झोनमध्ये, म्हणजे गोल लाइनच्या मागच्या पट्ट्यात नेलं, तर सेफ्टी (समोरच्यांना दोन गुण) नाही, बॉल एक यार्डावर. पण तो एंड झोनमधून बाहेर यायच्या प्रयत्नात होता आणि अख्खा बॉल रेषेबाहेर आलाच नव्हता, तर समोरच्यांना दोन गुण. रेष एंड झोनमध्येच मोजतात, म्हणून बॉलचं मागचं टोक तिला चिकटलेलं असलं तरी आत. समोरच्या गोल लाइनवर उलट. तिथे बॉलच्या टोकाने रेषेवरची अदृश्य भिंत भेदली, त्या क्षणी टचडाऊन. पुढच्या सेकंदाला त्याला दोन यार्ड मागे फेकला तरी गुण मिळाले. आम्ही त्यासाठीच, बॉल पाच यार्डांच्या आत आला की स्नॅप होताच, म्हणजे बॉल मागे देऊन खेळ सुरू होताच, गोल लाइन गाठतो.

आजोबा_नाशिकहून | शनिवार, संध्याकाळी ७:३०

नमस्कार. मी नातवाकडे सहा महिने राहायला आलो आहे. काल पहिल्यांदाच असा सामना पाहिला. जमीन खात्यात मोजणीदार होतो, तेहतीस वर्षं साखळी ओढली. इथे दोन माणसं काठ्यांना बांधलेली दहा यार्डांची साखळी घेऊन मैदानात धावली आणि हजारभर लोक श्वास रोखून बघत राहिले, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या साखळीकडे लोक असेच बघायचे, बांध कुणाकडे सरकतो म्हणून. पण मला एक कळलं नाही. बॉल पंच नुसता अंदाजाने ठेवतो आणि मग साखळीने इंचाइंचाने मोजतात. मूळ खुंटीच अंदाजाची असेल तर मोजणीला काय अर्थ?

पट्टेवाला_ओहायो | शनिवार, ८:१५

आजोबा, नमस्कार. तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. खुंटी डोळ्यांनीच रोवली जाते. आमच्या हातात एवढंच की ती प्रत्येक वेळी त्याच पद्धतीने, दोन्ही संघांसाठी सारखीच रोवायची. ही पद्धत चुकवणारा पंच माझ्या मते या कामाला लायक नाही.

तिसरी_बेंच | रविवार, सकाळी १०:००

हाय, मी सतरा वर्षांचा आहे, बाबांच्या अकाउंटवरून लिहितोय, मराठी चुकलं तर सॉरी. मी लाइनबॅकर आहे, बचाव करणारा, म्हणजे बॉल उडवणारा तो तिसरा मुलगा मीच असतो. आम्हाला शिकवतात, पहिला धरेल, दुसरा बॉल काढेल. रनर उभा आहे आणि शिट्टी नाही, तर आम्ही बॉलवर जाणारच. तो चीटिंग नाही. आणि रनरला शिकवतात की गर्दीत गेलास की दोन हात. वैजू आंटी, तुमच्या मुलाच्या हातात बॉल एका हातात होता की दोन?

वैजू_केरी | रविवार, दुपारी २:४०

चित्रण आलं. मुलगा आणि मी शेजारी बसून बघितलं. आठ-दहा वेळा, मग एकेक फ्रेम थांबवून.

तिथे दिसलं ते असं. ३० वर त्याला कमरेची मिठी पडली, हे बरोबर. पाय धरणारा घसरला आणि खाली पडला, हे वरून मला दिसलंच नव्हतं. मग हा अंग झटकून फिरला, मिठी सुटली, त्या मुलाच्या हातात फक्त जर्सीचं टोक राहिलं आणि तेही सुटलं. यानंतरची तीन पावलं मागची आहेत, आणि ती याची स्वतःची आहेत. त्याला उजवीकडून वळसा घालून मोकळ्या जागेत जायचं होतं. वळताना तोल सावरायला त्याने डावा हात बाजूला केला, बॉल एकट्या उजव्या हातात. त्याच क्षणी तिसरा आला.

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "आई, मी सुटलो होतो. मला कुणी धरलं नव्हतं." शुक्रवारी रात्री त्याला हे माहीत होतं. सगळे फॉरवर्ड प्रोग्रेस ओरडत होते आणि त्याला एकट्याला माहीत होतं की तसं नाहीये. न जेवता झोपला तो त्यामुळे. आम्ही पंचांच्या नावाने बोलत होतो आणि त्याला खरं सांगता येत नव्हतं.

पट्टेवाला_ओहायो | रविवार, ३:१५

वैजूताई, तुम्ही लिहिलंय तसंच असेल तर निर्णय बरोबर होता. मिठी असताना प्रोग्रेस थांबली नव्हती, आणि थांबायच्या आत तो सुटला. मग मागे गेला तो स्वतःच्या पायांनी. बॉल जिवंत. त्याच जागी मिठी तशीच राहिली असती आणि ते त्याला तीन पावलं रेटत नेत असते, तर मी शिट्टी वाजवली असती आणि बॉल ३० वर ठेवला असता. पकड सुटली की नाही, एवढ्यावर सगळं फिरलं. वर बसून ते दिसणं शक्यच नव्हतं.

मुलाला माझा निरोप सांगा. सुटून वळसा घ्यायचा विचार रनरचाच असतो, तो चुकीचा नव्हता.

अण्णा_डेट्रॉइट | रविवार, ३:४०

बरोबर. मी चित्रण न बघता निकाल दिला होता. तरी एक म्हणेन, असे निर्णय पुन्हा बघायची सोय हायस्कूललाही हवी.

नेपरविलचा_रोहन | रविवार, ३:५५

अण्णा, २०१९ पासून राज्यांना हवं तर सीझननंतरच्या बाद फेरीत चित्रण बघून निर्णय घ्यायची परवानगी आहे. शुक्रवारच्या साध्या सामन्याला प्रत्येक शाळेत तेवढे कॅमेरे आणायचे कुठून?

डॉ_निमा | रविवार, ४:३०

वैजू, जेवला का तो?

वैजू_केरी | रविवार, ४:४२

हो. थालीपीठ केलं, चार खाल्ली. आता मागच्या अंगणात बाबांशी सराव चाललाय. बाबा एकेक उशी घेऊन आदळतायत आणि हा बॉल छातीशी धरून उभा आहे.

तिसरी_बेंच | रविवार, ५:०५

दोन हात ना?

वैजू_केरी | रविवार, ५:०७

दोन्ही.